विचारणा वहीतलं माझं पान

नाशिक, रविवार, १९ नोव्हेंबर १९७८

आपल्या मंडळाची ही प्रवासवही जूनपासून माझ्याकडे पडून आहे. पुढच्या मैत्रिणीने दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा नुसतं हसली. पाच महिने गप्प बसल्याबद्दल सगळ्यांची माफी मागते. कुठे गेलेच नव्हते, तर लिहिणार काय? आणि न पाहिलेलं लिहायचं नाही, हे मी एकदा चांगलंच शिकले आहे. कुठे शिकले, तिथेच परवा जाऊन आले. भिवंडीला.

भिवंडीला जायचं म्हटल्यावर घरात हसू झालं. हे म्हणाले, "लोक सुट्टीत माथेरानला जातात. तू कापडाच्या गठ्ठ्यांत काय पाहणार?" तरी भिवंडी यांनाही परकी नाही. यांच्या पाटबंधारे खात्यातल्या बदलीमुळे आम्ही १९७१ ते ७३ तिथेच राहिलो.

जायचं ठरलं ते एका रागातून. दिवाळीआधी माझ्या विधवा नणंदेच्या अर्जाला कोणते कागद लागतात, ते इथे एका कचेरीत विचारलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "बहुतेक रेशनकार्ड चालतं." ते चालत नव्हतं. ती बिचारी निफाडहून दोन खेपा करून परत गेली. त्या 'बहुतेक'वर मी घरी येऊन तासभर बोलत होते. बोलता बोलता मध्येच थांबले, कारण मला भिवंडीच्या वाचनालयातली विचारणा वही आठवली.

ती वही काय, ते आधी सांगायला हवं. वाचनालयाच्या दाराशी एका उतरत्या फळीवर दोरीला बांधलेली मोठी वही असायची. कुणीही यावं, डाव्या पानावर प्रश्न लिहावा. लिहिता येत नसेल तर सांगावा, दुसरं कुणी लिहील. उजव्या पानावर उत्तर यायचं आणि उत्तरापुढे 'कुठे पाहिले' असा रकाना. पुस्तकाचं नाव, पान, नाहीतर कुठल्या कचेरीच्या फलकावर पाहिलं ते. ग्रंथपाल भोईरकाकांनी पहिल्याच पानावर नियम लिहून ठेवला होता: पाहिले ते लिहा. कुठे पाहिले ते लिहा. न मिळाल्यास 'सापडले नाही' लिहा, त्यात लाज नाही. सातबाऱ्याचा उतारा कुठे मिळतो, पासपोर्टला काय लागतं, लहान मुलाला लस कधी टोचतात, असलं सगळं त्यात असे. कुणीतरी विचारलं होतं, अंगावर पाल पडली तर काय करावे? काकांचं उत्तर होतं: 'अंग धुवावे. अधिक काही पुस्तकात सापडले नाही.'

दुपारी दोन ते चार बायकांची वेळ. त्या वेळेला उत्तरं शोधायचं काम मी आवडीने करायची. १९७३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमन म्हात्रे नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने प्रश्न लिहिला. ती मागाच्या कारखान्यात कांड्या भरायची. म्हणजे धोट्यात बसते ती सुताची कांडी गुंडाळायची. तिला बाहेरून एस.एस.सी.ला बसायचं होतं, फॉर्म कधीपर्यंत घेतात ते हवं होतं. आदल्याच वर्षी मी माझ्या जावेचा फॉर्म भरला होता. मी लगेच लिहिलं: 'महिनाअखेरपर्यंत.' पण १९७३ ला मुदत अलीकडे आणून पंधरा तारखेची केली होती. तिचा फॉर्म परत आला. तोवर आमची बदली होऊन आम्ही नाशकात. भोईरकाकांचं कार्ड आलं: 'तुमच्या उत्तरातील मुदत चुकली. सु. म्हात्रे यांचा फॉर्म परत आला.' त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत पाच वर्षं गेली. सुमनचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मला त्या कचेरीतल्या 'बहुतेक'ने दिलं. मी शिकवते ती शाळा दिवाळीनंतर उघडायला तीन-चार दिवस होते. गुरुवारी निघाले.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकहून ठाण्याची एस.टी. घ्या, ती आग्रा रोडने भिवंडीला जाते. सकाळी सातची गाडी आहे. ही वेळ स्थानकातल्या फलकावर मी स्वतः पाहिली. भाडं लिहीत नाही, कारण लवकरच वाढणार असं कंडक्टर म्हणत होता आणि ते ऐकीव आहे. डाव्या खिडकीशी बसा, असं मला सांगितलं होतं, पण कसारा घाटातली दरी मला उजवीकडूनही तितकीच दिसली. शहापूरला गाडी वीस मिनिटं थांबते. तिथल्या बटाटेवड्यात आलं सढळ असतं, चहा मात्र पाणचट. पडघ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. बायका ओळीने वाकलेल्या, बांधावर पाण्याची कळशी. साडेअकराच्या सुमाराला भिवंडीच्या अलीकडेच तो आवाज कानांवर आला. शेकडो माग एकदम चालतात तो. पूर्वी पहिले आठ दिवस त्याने माझं डोकं उठलं होतं. या वेळी जिन्यातल्या ओळखीच्या पावलांसारखा वाटला. तेव्हाच्या आठवणींत इतकं काय गोड होतं, हे मला नीट सांगता येणार नाही. पाणी एक दिवसाआड यायचं, भिंतींवर सुताचे बारीक तंतू साठायचे. पण त्या दोन वर्षांत दुपारी दोनला कुठे जायचं हे मला पक्कं माहीत असे. तसं पुढे कधी झालं नाही.

उतरले आमच्या जुन्या घरमालकीण हमीदाबींकडे. त्या दारात उभ्या राहून मला वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, "आलीस? मला वाटलं नाशिककरांनी तुला परत पाठवायचं बंद केलं." रात्री तांदळाची भाकरी आणि खाडीच्या बोईट माशांचं कालवण. मी काही कामाला आले का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहज. ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं असावं. कारण त्यांनी दुसरं बोईट न विचारता वाढलं.

शुक्रवारी पहाटे मला जाग आली ती शांततेने. भिवंडीत शुक्रवारी माग बंद. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, म्हणून सांगते: शहर पाहायचं तर गुरुवारी आणि वाचनालय पाहायचं तर शुक्रवारी. त्या दिवशी सगळ्या मागवाल्यांना वेळ असतो.

नवाच्या सुमाराला पोचले, तर वाचनकक्षात बसायला जागा नव्हती. वर्तमानपत्रं अजूनही तशीच, पानं सुटी करून एकेका काठीला लावलेली, म्हणजे एका अंकावर चार जण वाचू शकतात. मराठी काठ्या एका भिंतीला, हिंदी आणि उर्दू दुसऱ्या. कोपऱ्यात एक चष्मेवाला कामगार हिंदी बातम्या वाचून दाखवत होता, भोवती सात-आठ जण उकिडवे.

"जरा जोर से, मास्टर. पीछे सुनाई नहीं देता."

"जोर से पढूँगा तो काका निकाल देंगे. तू आगे आ."

दाराशी काळा फलक: रॉकेल कोणत्या वारी, नळ कोणत्या भागात बंद, सुताचा भाव, वज्रेश्वरीच्या गाड्या. प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात 'कुठे पाहिले'. ते पाहून मला बरं वाटलं, तरी वहीकडे वळायच्या आधी मी तो फलक पुन्हा एकदा वाचला.

वही तिथेच होती, दोरी नवी. तिच्यामागे विशीतली एक मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझा गोंधळ तिला ओळखीचा वाटला असावा.

"शाळेतून आलात ना? काका म्हणाले होते, नव्या बाई येतील मदतीला. मी नसीम. बसा. पण पेन लगेच नाही मिळणार हं. आधी एक पान वाचावं लागतं."

मी काही बोलायच्या आत तिने कपाटातून एक जुनी वही काढली, खूण घातलेल्या जागी उघडली आणि माझ्यापुढे ठेवली.

डावीकडे टोकदार, दाबून काढलेलं अक्षर: 'बाहेरून एस.एस.सी.ला बसायचे आहे. फॉर्म कधीपर्यंत घेतात? सु. म्हात्रे.' उजवीकडे माझं अक्षर. फार सुंदर आलं होतं त्या दिवशी. 'महिनाअखेरपर्यंत.' आणि 'कुठे पाहिले' या रकान्यात मी एक रेघ मारली होती. ही रेघ मी विसरूनच गेले होते. खाली लाल शाईत भोईरकाका: 'चूक. मुदत पंधरा तारखेस संपली. सूचना हायस्कूलच्या फलकावर होती. येथून चालत सात मिनिटे.'

"सात मिनिटं," नसीम म्हणाली. "मी चालून पाहिलं. मला नऊ लागली, पण काका झपाझप चालतात."

"या कोण बाई?" मी विचारलं. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते इथे लिहून ठेवते.

"असेल कुणी बदलीवाली. त्यांचं काय, ते जातात निघून. मी पहिल्या दिवशी हे वाचलं ना, त्यांना मनात खूप बोलले. नंतर वाटलं, अक्षर किती छान आहे."

"पान फाडून का नाही टाकलं?"

"फाडलं तर नव्या माणसाला दाखवायचं काय?"

तेवढ्यात भोईरकाका आले. थकलेत, काठी आली आहे, पण पूर्वी छत्री धरायचे त्याच थाटात धरतात. माझ्याकडे बघून थांबले.

"वैद्यबाई. चष्मा बदललात."

मी नमस्कार केला.

"माझं कार्ड मिळालं होतं का?"

"मिळालं होतं, काका."

"बरं झालं. पाच वर्षं मी टपालखात्याला बोल लावत होतो."

एवढंच म्हणून ते चाव्या घेऊन आत गेले. नसीमने माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं ती खजील होईल, पण तिच्या डोक्यात निराळंच होतं.

"मग मला एक सांगाच, बाई. रिकामं ठेवता आलं असतं. रेघ का मारलीत?"

मी विचार केला. "मला वाटलं, मला माहीत आहे."

"हां," ती म्हणाली आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

काकांना मी आत जाऊन विचारलं, सुमनचं काय झालं. ते म्हणाले, "मला का विचारता? दोन वाजता ती येईल. शुक्रवारी येतेच. कोनला दिली तिला." कोन हे कल्याणच्या रस्त्यावरचं गाव, एस.टी.ने जवळच. दुपारी हमीदाबींकडे जेवायला गेले. माफीचं वाक्य गाडीत बसल्यापासून तयार करत होते. ते इतक्या वेळा घासलं होतं की आता त्यात काही राहिलंच नव्हतं.

सुमन आली ती कडेवर मुलगा आणि पदराच्या गाठीत चिठ्ठ्या घेऊन. गावातल्या बायकांचे प्रश्न ती गोळा करून आणते. आल्या आल्या नसीमपुढे चिठ्ठ्या मांडल्या. पहिली होती रॉकेलची. नसीम म्हणाली, "मंगळवारी मिळणार."

"पान दाखव."

"अगं ताई, बाहेर फलकावर लिहिलंय."

"त्ये तूच लिवलंस. तू कुठं बगितलंस त्ये दाखव."

नसीमने मुकाट्याने रेशन कचेरीचा कागद काढला. सुमनने बोट ठेवून ओळ वाचली, मग पुढची चिठ्ठी. नंतर कळलं, वाचनालयात तिला सगळे 'पान-दाखव ताई' म्हणतात आणि नवी मदतनीस तिला घाबरते. पाचवी चिठ्ठी झाली आणि तिची नजर माझ्यावर आली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"बाई, तुमी."

मी उभी राहिले. म्हटलं, "सुमन, त्या फॉर्मचं माझ्यामुळे चुकलं. मी न पाहता लिहिलं. तुझं वर्ष गेलं."

"वरीस न्हाय, साळाच गेली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हे मला जास्त जड गेलं. मुलाला तिने फळीवर बसवलं. "चूक काय, कुनाचीबी व्हते. कारखान्यात आमची बी व्हते, सूत तुटतं, गाठ मारतो. पन तुमी पत्राला उत्तर न्हाय दिलंत. मी घरात सांगत व्हते, बाई शिकल्यात, त्या कायतरी वाट काढतील. पोस्टमन आला का मी पुढं. बाप दिवाळीपावत थांबला. मंग त्यानं लगीन ठरवलं."

इथे मला थांबून एक दुरुस्ती करायला हवी. भोईरकाकांचं कार्ड मी वर उतरवलं, पण पुरं उतरवलं नाही. त्यावर आणखी एक ओळ होती: 'काही मार्ग असल्यास लगेच कळवावे. मुलगी रोज विचारते.' ही ओळ मी लिहिताना गाळली. गेली पाच वर्षं आठवतानाही गाळत आले. चूक मान्य करणं मला त्या मानाने सोपं होतं. चूक एका क्षणाची असते. गप्प बसले ते रोज.

"मार्ग होता की नाही, मला माहीत नाही," मी सुमनला म्हटलं. "मी शोधलाच नाही."

"त्येच," ती म्हणाली.

मुलगा फळीवर दोरी ओढत होता. मग सुमनने सहावी चिठ्ठी काढली, पण नसीमला न देता हातातच धरली.

"ह्यो माजाच हाय. तीन शुक्रवार झाले. काका म्हणतात, हितं न्हाय सापडत."

नसीमने चालू वही उघडून दाखवलं. प्रश्न होता तिच्या धाकट्या बहिणीसाठी. ती यंदा दहावी झाली. तिला परिचारिकेचं शिकायचं आहे आणि कुणीतरी सांगितलं की नाशिकच्या सरकारी दवाखान्यात ते शिकवतात. राहायची सोय आहे का, वय किती लागतं, अर्जाची मुदत कधी? उजवीकडे काकांचं अक्षर: 'येथे सापडले नाही. नाशिक येथे समक्ष पाहावे लागेल.'

"तुमच्या गावचं हाय," सुमन म्हणाली.

मला दवाखान्याबद्दल थोडं माहीत होतं. शेजारची मुलगी तिथेच शिकते. 'सोय आहे' असं जिभेवर आलंसुद्धा. मी ते गिळलं. नसीमने न सांगता पेन पुढे केलं. मी लिहिलं: 'समक्ष पाहून कळवते. वैद्य.'

सुमनने मान वाकवून वाचलं. "कवापावत? वार लिवा."

"पुढच्या शुक्रवारपर्यंत."

"मंग तसं लिवा."

मी लिहिलं. काका मागे येऊन उभे होते. म्हणाले, "बाई, अक्षर पूर्वीइतकं चांगलं नाही आलं." सुमन त्यावर पहिल्यांदा हसली. निघताना मुलाचा हात धरून मला टाटा करायला लावला, स्वतः मात्र वळून पाहिलं नाही. तिला कोनची गाडी गाठायची होती.

शनिवारी सकाळी वज्रेश्वरी आणि गणेशपुरी करून आले, कारण मंडळात दोघींना ते विचारायचं होतं. भिवंडीहून एस.टी. आहे, वेळा वाचनालयाच्या फलकावरून उतरवून घेतल्या आणि त्या बरोबर निघाल्या. गरम पाण्याच्या कुंडाशी बायकांसाठी आडोसा आहे, पण कपडे बदलायला अडचण होते, जास्तीचं लुगडं घेऊन जा. पाणी खरोखर कढत आहे, पाय घालून हळूहळू उतरा. गणेशपुरीत आश्रमाच्या रस्त्याला चहाची दुकानं, पलीकडे भाताचे भारे रचलेले. एका म्हातारबांना परतीची गाडी कधी, असं विचारलं. म्हणाले, "येल की, जाते कुठं." एरवी मला याचा राग आला असता. पण आपल्याला माहीत नाही, हे ते लपवत तरी नव्हते. गाडी पाऊण तासाने आली.

हमीदाबींनी निघताना सुकटीची पुडी दिली. म्हणाल्या, "सहज आली होतीस ना, झालं सहज?" मी त्यांना सगळं सांगितलं, ते त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून, गाडी चुकायची वेळ आली तरी. त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता कार्ड टाक, नाहीतर मीच येते नाशकाला."

घरी आल्यावर यांनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, एक पान. पुढे काय सांगावं ते सुचेना. माझं मन हलकं झालं का, हेही स्वतःला विचारून पाहिलं. नाही झालं, आणि त्यासाठीच गेले होते का, याचीही मला खात्री नाही. त्या वाचनालयात माझं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम कोणतं म्हणाल, तर ती चूक. तिच्यामुळे नसीमसारख्या मुली नऊ मिनिटं चालतात. हे समाधान मानायचं, तर त्याची किंमत सुमनने दिली आहे, मी नाही. म्हणून ते मानत नाही. पण शुक्रवारच्या त्या शांततेत काठ्यांवरची पानं उलटल्याचा आवाज, आणि 'पान दाखव' म्हणणारा तो आवाज, दोन्ही माझ्याबरोबर घाट चढून आले आहेत.

शेजारची मुलगी मघाशी भेटली. म्हणाली, "मुदत ना? अजून आहे, काकू, बहुतेक डिसेंबरपर्यंत." मी तिचे आभार मानले आणि ते कुठेही लिहिलं नाही.

उद्या: शाळेच्या आधी दवाखान्यात जाऊन फलकावरची मुदत स्वतः वाचणे.